दोराही सुती

कुठ्ठाळीला, फेरीच्या धक्क्याकडे उतरताना
डाव्या हाताला माझं मशीन.
ब्लाउज, शाळेचे गणवेश, फेस्ताचे फ्रॉक,
एकदा एका नवऱ्याचा सूट, दोनदा उसवून.
परवा कायतानबाबने कापडाचा गठ्ठा टेबलावर टाकला
आणि म्हणाला, "बाय, खिसो नाका."

खिसा नको?
तीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं मला.
लोक जास्तीचा मागतात. आतला. चोरखिसा.

रासईच्या यार्डात तो बार्जच्या तळाला पत्रे जोडतो.
बोलतोही तसाच, थांबून थांबून, थोडं थोडं:
"ठिणगीला घर लागतं.
खिसा, दुमडलेली बाही, पँटच्या तळाची पट्टी,
जिथे टेकायला मिळेल तिथे टेकते,
आणि आपण मास्क वर करेपर्यंत
संसार मांडून बसलेली असते."

म्हणून कॉलर उंच, गळ्यापर्यंत बंद.
बटणांवर झाकणपट्टी.
पँट बुटांवरून खाली येईल अशी,
आत खोचायची नाही, कितीही रुबाबदार दिसली तरी.
रंग गडद; फिकट कापडावरचा उजेड
मास्कच्या आत शिरून डोळ्यांत वाळू भरतो.
आणि दोन जोड शिव. दुपारपर्यंत घामाने भिजतो माणूस,
ओल्या अंगाला करंट फार प्रेमाने धरतो.

मी कापडातला एक धागा ओढला.
हे मला येतं. गिऱ्हाईक शपथा घेतं तेव्हा
मी काडी पेटवते.
सुती धागा कागदासारखा जळतो, राख चिमटीत विरते.
टेरीकॉट आक्रसतो, काळा थेंब होतो
आणि बोट सोडत नाही.

"तोच थेंब," कायतानबाब म्हणाला
आणि शर्टाचं वरचं बटण काढलं.
गळ्याच्या हाडाखाली चकचकीत कातडी,
तिच्यात बारीक बारीक भोकांची जाळी.
डांगरीच्या आत क्लबची जर्सी घातली होती त्या दिवशी,
संध्याकाळी मॅच होती म्हणून.
"कापड काढलं डॉक्टरने. नक्षी राहिली."

मी काडी विझवली. मग आठवलं,
"पण माझं रीळ?"
मशीनवरचं रीळ पॉलिएस्टरचं. सगळ्यांचीच तशी.
कापड सुती आणि शिवण वितळणारी,
म्हणजे बाही खांद्यावरून अशी सुटेल की
त्यापेक्षा उघडा गेलेला बरा.
मडगावला तीन दुकानं पालथी घातली.
चौथ्यात म्हाताऱ्या शिरसाटांनी फळीमागून
धुळीने पांढरी झालेली दोन रिळं काढली,
पैसे घेताना म्हणाले, "हे तुटतं हो फार."
तुटलंच. अकरा वेळा. ताण सैल केला,
सुई बदलली, मशीनला चार शिव्या दिल्या.

मग माप लिहायला वही उघडली.
कायतानबाबची छाती बेचाळीस, मला ठाऊक आहे,
गेल्या नाताळाचा शर्ट मीच शिवला.
त्याने दिलेल्या चिठ्ठीत मात्र
छाती चौतीस, उंची पाच-सहा,
डावी बाही अर्धा इंच आखूड.

डावी बाही अर्धा इंच आखूड
या गावात एकाच पोराची आहे.
आंब्यावरून पडला होता, सातवीत.

"गोकूनेच सांगितलं, आईला आधी सांगू नका."
कायतानबाब फेरीकडे बघत राहिला.
"आयटीआय झालं त्याचं. सोमवारपासून माझ्या हाताखाली.
मोजे नि अॅप्रन चामड्याचे, ते मी देतो."

मी काही बोलले नाही.
शिवण सगळीकडे दुहेरी घातली,
काखेत तिहेरी.

सोमवारी सकाळी तो उंबऱ्यात उभा राहिला.
कॉलर वर केली, जर्सी नाही ना आत, ते बघितलं,
लायटर मागितला. त्याने कानकोंडा होऊन दिला.
मग सवयीने त्याचे हात खाली गेले,
मांड्यांवर खिसे शोधत फिरले,
सापडले नाहीत,
आणि नुसतेच लोंबत राहिले बाजूला,
शाळेच्या फोटोत
कुठे ठेवायचे ते न कळलेले हात असतात तसे.